शिफारसपत्राची तीट

॥ श्री ॥

जोयडे, पेटा सुपे
ता. ५ एप्रिल १९२७

तीर्थस्वरूप दत्तूमामा यांचे चरणी विमलचा साष्टांग नमस्कार.

मला ओळखाल की नाही कोण जाणे. माझी आई तुमची मावसबहीण. माझ्या लग्नात पंक्तीला वाढताना मठ्ठ्याचे भांडे तुमच्या हातून कलंडले आणि ते नवरीच्याच शालूवर सांडले, ती नवरी मी. बेळगावास मॅट्रिक झाले आणि लगेच लग्न होऊन इकडे रानात आले, त्याला आता आठ वर्षे झाली. हे इथल्या लाकडाच्या डेपोवर कारकून आहेत.

परवा पाडव्याला खानापूरहून आलेल्या गूळ-खोबऱ्याच्या पुडीचा कागद मी सवयीने सपाट करून वाचला, तर त्यात तुमचे नाव! तुम्ही वनिता विद्या साहाय्यक फंडाचे चिटणीस, आणि फंड यंदा एका मुलीला बेळगावी ठेवून सातवी व पुढे मास्तरणीचे शिक्षण देणार. वय सोळाच्या आत. अर्ज एप्रिलअखेर. मामा, मी पुरणाचे पातेले चुलीवर ठेवून तशीच वरच्या वाडीला गेले. पुरण करपले. देवीने गोड मानून घेतले असावे.

तर मुलगी अशी. गुणा, धाकलू कुणब्याची. वय पंधरा पुरे, म्हणजे पुढल्या वर्षी वय निघून जाणार. इथली शाळा दोन वर्षे बंद आहे. मास्तर येतात, पावसाळ्यात हिवतापाने थरथरतात आणि दसऱ्याच्या आत बिऱ्हाड आवरतात. असे चार गेले. चौथी झालेल्या गुणाला पुढच्या दोन यत्ता मी ओसरीवर शिकवल्या आणि सहावीच्या परीक्षेला ती खानापूरला जाऊन पास होऊन आली. ती शिकून मास्तरीण झाली तर ती काही तापाला भिऊन पळायची नाही, ती इथलीच. शाळेचे कुलूप निघायचे तर एवढीच वाट मला दिसते.

सोबत शिफारसपत्र जोडले आहे. कागद पाठकोरा आहे, राग मानू नये. मागचे सागाच्या ओंडक्यांचे आकडे वाचू नयेत.

आपली आज्ञाधारक भाची,
विमल

(सोबतचे पत्र)
कुमारी गुणा धाकलू ही अत्यंत सुशील, विनयशील, आज्ञाधारक, उद्योगी व कुशाग्र बुद्धीची मुलगी असून तिचे वर्तन आदर्श आहे. तरी फंडाने तिला शिष्यवृत्ती देऊन उपकृत करावे. मात्र ती फार विसराळू व झोपाळू आहे.

*

बेळगाव
ता. ९ एप्रिल १९२७

चि. सौ. विमल हिस अनेक आशीर्वाद.

मठ्ठा सांडला ते खरे. पण तो इतका पातळ होता की डाग राहिला नसणार, एवढे समाधान मी तेव्हाच करून घेतले होते.

आता कामाचे. फंडाच्या बैठकीत पाच जण मत देतात. मी देत नाही. मी फक्त कागद लावतो आणि मोठ्याने वाचून दाखवतो. तू नात्यातली आहेस हे मी अध्यक्षांना कालच सांगून टाकले. म्हणजे त्या दिवशी गुणासाठी माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही. जे काय बोलायचे ते तुझ्या कागदाने बोलायचे.

आणि तुझा कागद काय बोलतो? माझ्या टेबलावर आज एकतीस शिफारसपत्रे आहेत. एकतीस मुली सुशील आहेत. एकोणतीस कुशाग्र. आदर्श वर्तनाच्या सव्वीस. मामलेदारांनी दिलेले पत्र आणि देवळातल्या पुजाऱ्याने दिलेले पत्र यांतली नावे अदलाबदल केली तर कोणाला कळणार नाही. सातवे पत्र वाचताना मंडळी चहाकडे बघू लागतात, दहाव्याला एकमेकांकडे. तुझे पत्र विसावे असले तर?

विशेषणे सगळी खोडून टाक. तू कोण, मुलीला केव्हापासून ओळखतेस, तिला काय करताना तुझ्या डोळ्यांनी पाहिलेस, ते सांग. ऐकीव नको. ‘उद्योगी’ म्हणू नकोस. ती सकाळी काय करून तुझ्या ओसरीवर येते ते लिही, उद्योगी आहे हे आमचे आम्ही ठरवू. गरिबीवर शाई घालवू नकोस, इथे श्रीमंत कोणी अर्ज करत नाही. पैसे मिळाल्यावर ती काय करील, ते मात्र लिही. एका पानात.

आणि शेवटची ओळ काय आहे ती? सहा ओळी ओवाळून सातवीत मुलीला विहिरीत ढकललेस! विसराळू आणि झोपाळू मुलीला कोण शिकवील? ती खरोखर तशी आहे का?

दत्तूमामा

*

॥ श्री ॥

जोयडे
ता. १३ एप्रिल १९२७

ती. दत्तूमामांस सा. न.

तुमचे पत्र टपालाच्या परशू रनरने आणले आणि मी पायरीवरच वाचायला बसले. परशू म्हणाला, “अक्का, कुणी गेलं का काय?” मी म्हटले, “कुणी गेलं नाही, विशेषणं गेली.” तो बिचारा टोपी काढून उभा राहिला.

शेवटच्या ओळीचे सांगते. ते पत्र लिहिताना गुणाची आई केशर माझ्याजवळ बसली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून मी एकेक ओळ वाचून दाखवत होते. सुशील म्हटले, ती खूश. कुशाग्र म्हणजे काय ते समजावले, तर ती मागे सरकली. ‘आदर्श’पर्यंत आले तेव्हा तिने माझे मनगटच धरले.

“अक्का, बास. एवढं गोरंपान लिव्हू नका. पाच परके लोक वाचनार म्हंतासा, पाच जनांची दीठ लागंल पोरीला. तीट लावा आधी.”

“अगं, कागदाला कसली तीट?”

“पोरीच्या गालाला लावतो न्हवं? आता पोरगी कागदात हाय. कागदाला लावा. न्हाईतर ऱ्हाऊ दे ती शाळा.”

मामा, मी मॅट्रिक झाले म्हणून हसले असते. पण माझ्या लेकीला, फुलाला, पाच वर्षांची होईपर्यंत मी रोज काजळाचे बोट लावले आहे, आणि अजूनही तिला कोणी ‘गोड’ म्हटले की मीठ-मोहऱ्या उतरवते. म्हणून जीभ चावली आणि मनाला येईल ते दोष लिहिले. गुणा विसराळू नाही. झोपाळू तर नाहीच नाही.

केशरची अट अजून तीच आहे. बिनतिटीचा कागद गेला तर मुलगी पाठवायची नाही. तुम्ही म्हणता दोष काढून टाक. मी मध्ये अडकले. त्यात ती आता विचारू लागली, “मामांनी काय म्हटलं? तीट आवडली का?” काय सांगू?

तुम्ही सांगितल्याप्रमाणे डोळ्यांनी पाहिलेले लिहून काढले. गुणा पहाटे भात कांडून, गुरे सोडून, नाल्यातून पाटी डोक्यावर धरून येते. जूनमध्ये नाला फुगला तेव्हा वरच्या लाकडी साकवावरून फेरा घेऊन आली, पण आली. जुलैत त्रैराशिक शिकली आणि दुसऱ्या दिवशी तिने ते आपल्या चुलतबहिणीला, रुक्माला, कंदांच्या वाट्यांवर शिकवले. एका डुक्करकंदाचे सहा वाटे सात घरांना कसे पुरवायचे, हे गणित तिने स्वतः घातले! दसऱ्यानंतर अपूर्णांक. आता ओसरीवर तिच्या हाताखाली पाच मुली बसतात. मी आत स्वयंपाक करते आणि कान बाहेर ठेवते. ती चुकली तर पळी आपटते. पौषापासून पळी आपटलेली नाही.

बरे झाले का? मी नेम धरला आहे. निकाल लागेपर्यंत चहात साखर नाही.

विमल

*

बेळगाव
ता. १७ एप्रिल १९२७

चि. सौ. विमल हिस आशीर्वाद.

नेमसुद्धा काटकसरीचा धरलास! देवी हसली असेल.

पत्र फार चांगले झाले. पळीचे वाक्य ठेव. कंदाचे सहा वाटे मी घरात सांगितले, तर तुझ्या मामीने पोळीवर करून पाहिले आणि कालपासून आम्ही दोघे भांडतो आहोत.

पण मी चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या. फाडलेले पान मला दिसते. तुझ्या पत्रात जून आहे, जुलै आहे, मग एकदम दसरा. मुलगी श्रावण-भाद्रपदात कुठे गेली होती? मला जे दिसले ते समितीतल्या एखाद्यालाही दिसेल. आमच्यात एक पेन्शनर रावसाहेब आहेत, त्यांचा तर जन्म फाडलेली पाने शोधण्यात गेला.

आणि आणखी एक. मी तुला दोष काढून टाकायला सांगितला, ते माझे चुकले. केशरबाईचे बरोबर आहे. कारण तिचे वेगळे, माझे वेगळे. निर्दोष मुलगी कोणाला खरी वाटत नाही. एक डाग दिसला की बाकीचा चेहरा खरा वाटतो. पण तीट काजळाची हवी, कोळशाने नुसते तोंड काळे करायचे नाही. तिचा खरा दोष कोणता, तो लिही. तुला माहीत असणारच.

बैठक ३० तारखेला. आधी पोचेल असे बघ.

दत्तूमामा

*

॥ श्री ॥

जोयडे
ता. २५ एप्रिल १९२७

ती. दत्तूमामांस सा. न.

उत्तराला उशीर झाला. तुमचे पत्र वीस तारखेलाच आले होते. चार दिवस ते तांदळाच्या डब्यात ठेवले. तुम्ही बेळगावात बसून माझ्या घरातले फाडलेले पान कसे पाहिलेत?

श्रावणात काय झाले ते आता सांगते. यांच्या डेपोवर हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्यांची पेटी असते, ती फक्त डेपोच्या मजुरांसाठी. पेटी आमच्या घरात, किल्ली यांच्याकडे. हे हल्याळला कामाला गेले तेव्हा नियम मोडून किल्ली माझ्या कमरेला देऊन गेले. नद्या चढल्या आणि हे तिकडेच अडकले. इकडे मला ताप चढला. फुलाला शेजारच्या बायजाने नेले होते. मी कुठे आहे हे मलाच कळत नव्हते. वरच्या वाडीत अकरा घरे, अकराही घरांत अंथरुणे. गुणा पाटी घेऊन आली ती मला असे पडलेले पाहून थबकली. तिने माझ्या कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली, मला पुडी दिली, आणि मग पेटीच उचलून वाडीवर नेली.

वाडीतले कोणी डेपोचे मजूर नव्हते. एकाही पुडीवर त्यांचा हक्क नव्हता.

पाचव्या दिवशी मी उठून बसले. गुणा पेटी घेऊन समोर उभी. म्हणाली, “अक्का, त्रेचाळीस गेल्या.” मी हिशेबाची बाई, मला राहवेना. विचारले, कोणाला किती? तिच्याजवळ कागद नव्हता, पाटी पावसात पुसलेली. तिने डोळे मिटले आणि घर, माणूस, वार, वेळ असे घडाघडा म्हणत गेली. मी पेटी मोजली. त्रेचाळीस. मामा, या मुलीला मी विसराळू लिहिले होते! आणि झोप म्हणाल तर ते पाच दिवस ती बसल्या जागी डुलकी काढत होती, एवढेच.

मी म्हटले, “चूक झाली म्हण, हे येतील तेव्हा मी सांभाळून घेईन.” तर म्हणते, “चूक न्हाई म्हननार. परत असं झालं तर परत उघडीन.” माझ्या जिवावर उठलेल्या तापातून मला हिने उठवले, तरी मला त्या दिवशी तिचा राग आला.

हे आले. पेटी पाहिली आणि वहीत लिहिले, ‘दमट लागून त्रेचाळीस पुड्या खराब.’ त्या एका ओळीने आम्ही तिघेही वाचलो. म्हणून मी श्रावण फाडला. तिचा खरा दोष लिहायचा तर तो श्रावणातच आहे, आणि तो लिहिला तर यांची ओळ खोटी पडते.

काल देवापुढे दिवा लावला आणि यांना तुमचे पत्र वाचून दाखवले. यांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, “लिही.”

मी म्हटले, “बदली झाली तर?”

“कुठं करतील? इथनं वाईट जागा त्यांच्याकडं न्हाई.”

मामा, आठ वर्षांत या घरात इतके हसू कधी झाले नव्हते. रडूही आले. आज सकाळी यांनी डेपोच्या साहेबांना खरे काय ते वेगळे लिहून कळवले. आता सोबतचा कागद वाचा. परशू अंगणात बसून ताकावर ताक पितो आहे आणि घुंगराची काठी मुद्दाम वाजवतो आहे. म्हणतो, “अक्का, काळी नदी थांबंल, टप्पाल थांबत न्हाई.”

विमल

(सोबतचे पत्र)

फंडाच्या समितीस नमस्कार.

मी मॅट्रिक झालेली गृहिणी असून गुणा धाकलू हिला दोन वर्षे रोज माझ्या ओसरीवर पाहत आहे. ती कोस दीड कोस चालत येते. आदल्या दिवशी शिकलेले ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्यास शिकवते. आज तिच्या हाताखाली पाच मुली आहेत. ती चुकली तर मी स्वयंपाकघरातून पळी आपटते. पौषापासून पळी आपटलेली नाही.

गेल्या श्रावणात मी तापात असताना तिने माझ्या कमरेची किल्ली काढून, न विचारता, डेपोची औषधपेटी उघडली आणि हक्क नसलेल्या अकरा घरांना त्रेचाळीस पुड्या दिल्या. पाच दिवसांनी कोणाला किती दिल्या ते तोंडपाठ सांगितले. मी मोजले, बरोबर होते. झाल्याबद्दल तिला पश्चात्ताप नाही. मी रागावले तरी तिने तो दाखवला नाही. हा तिचा दोष आहे. तिला आज्ञाधारक म्हणणे मला शक्य नाही.

इथल्या शाळेतून चार मास्तर तापाला भिऊन गेले. ही शिकली तर हिला शाळेसाठी परत इथेच यायचे आहे. मला वाटते ती राहील.

सौ. विमल नारायण
वरील मजकूर खरा आहे. किल्ली घरी ठेवण्याची चूक माझी.
नारायण, कारकून

*

बेळगाव
ता. २ मे १९२७

चि. सौ. विमल हिस,

उभ्याउभ्याने लिहितो आहे, आजची टपाल साधायची आहे.

परवा बैठक झाली. तुझे पत्र चोविसावे आले. चहा आला होता, बशा वाजत होत्या. मी ‘पळी’पर्यंत आलो आणि बशा थांबल्या. ‘आज्ञाधारक म्हणणे मला शक्य नाही’ वाचले, तेव्हा रावसाहेबांनी हात वर केला. “चिटणीस, परत वाचा.” परत वाचले. “म्हणजे ही पेटी फोडणारी मुलगी. आणि शिफारस करणारीच ते सांगते?” मी तोंडाला कुलूप लावून बसलेलो! मांडीवरच्या रुमालाची पिळून पिळून दोरी झाली.

दोन मते गुणाला, दोन एका वकिलांच्या पुतणीला, तिला सहा भाषांत नमस्कार करता येतो. पाचव्या आमच्या डॉक्टरीणबाई. त्या म्हणाल्या, “औषध वाटणे सोपे, मोजून देणे कठीण. मी मुलीला एक प्रश्न विचारीन, मग मत देईन.” प्रश्न असा: लहान मुलांना औषध किती दिलेस, आणि कसे मोजलेस? उत्तर गुणाने स्वतःच्या हाताने लिहायचे. तू एक काना-मात्राही दुरुस्त करायची नाहीस. सोमवारी नऊ तारखेला दुपारी पुन्हा बैठक आहे, तोवर उत्तर माझ्या हातात हवे.

परशूला माझ्या वतीने आणखी ताक दे.

दत्तूमामा

*

जोयडे
ता. ५ मे १९२७

फंडाच्या बाईसाहेबांना गुणाचा नमस्कार.

तुम्ही विचारलं ते लिहिते. अक्का पाठमोरी बसली आहे. तिनं आपल्या हातात पळीपण घेतली नाही.

पेटीच्या झाकणावर छापील कागद आहे. अक्कानं तो मला आषाढात शुद्धलेखन म्हणून घातला होता. माझ्या सहा चुका झाल्या म्हणून सहा वेळा लिहायला लावला. म्हणून तो पाठ झाला. मोठ्या माणसाला एक, पोराला अर्धी, अगदी लहानाला पाव, असं त्यात आहे. पाव करायला माप नव्हतं. मी पुडी फणसाच्या पानावर पसरली आणि भाताच्या काडीनं आधी दोन वाटे केले, मग चार. कंदाचे करतो तसे. कडू असते म्हणून मधात दिली. शांतीच्या तान्ह्या पोरीनं थुकली. थुकली ती किती आणि पोटात गेली ती किती ते कळेना. परत दिली तर जास्त होईल म्हणून संध्याकाळपर्यंत थांबले आणि मग पाव दिली. तुळजा आजीला गिळवेना, तिला पेजेतनं दिली.

अक्कानं माझा एक दोष लिहिला. दुसरा तिला ठाऊक नाही. तो मी लिहिते. माझा भाऊ लखू चार वर्षांचा. त्यालाही ताप होता. मी त्याला सगळ्यांच्या मागनं दिली. आमच्या घरात आधी दिली असती तर लोक म्हणाले असते की हिनं पेटी घरासाठी उघडली, आणि मग बाकीच्यांनी माझ्या हातनं घेतली नसती. लखू दोन दिवस फार तापला. तो वाचला. पण आयनं आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पेटी उघडली ते चुकलं नाही. लखूचं चुकलं का, ते मला अजून कळलेलं नाही. शाळेत कळत असेल तर मला शिकायचं आहे.

गुणा

*

बेळगाव
ता. १० मे १९२७

चि. सौ. विमल हिस,

चहात साखर घाल! दोन चमचे घाल!

काल दुपारी दोनला बैठक, आणि दीडला तुझ्या गुणाचे पत्र आले. पोस्टमन दारात असतानाच मी ते हिसकावून घेतले. बैठकीत वाचू लागलो. फणसाच्या पानाशी डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. लखूशी आलो आणि मलाच पुढची ओळ सापडेना. चाळीस वर्षे वर्गात वाचले, असे कधी झाले नाही. शेवटची ओळ डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातून कागद घेऊन वाचली.

मग रावसाहेब खाकरले. मला वाटले, आता काढतात काहीतरी. ते म्हणाले, “ही मास्तरीण झाली की शाळेची, पेटीची, सगळ्या किल्ल्या हिच्याच हाती द्या. म्हणजे कुणाच्या कमरेची काढायला नको.” पाचही हात वर! वकिलांच्या पुतणीसाठी रावसाहेबांनी स्वतः दुसरीकडे शब्द टाकायचे कबूल केले.

मंजुरीचा कागद सोबत आहे. दोन प्रती. एकीवर धाकलूचा अंगठा आणि गुणाची सही घेऊन परत पाठव. मुलीने ६ जूनला हजर व्हावे. ती आमच्याच घरी उतरू दे, मामीने पोळ्यांचे सहा वाटे करून ठेवले आहेत.

आणि विमल, पुढल्या वर्षी ज्यांना शिफारसपत्र लिहायचे असेल त्यांना दाखवायला मी तुझ्या कागदाची नक्कल करून ठेवली आहे. केशरबाईला सांग, तीट आवडली.

दत्तूमामा

*

॥ श्री ॥

जोयडे
ता. १४ मे १९२७

ती. दत्तूमामांस सा. न.

परशू आज नाल्यापलीकडूनच काठी वाजवत आला. जाड लिफाफा त्याला हाताला लागला होता, तेवढ्यावरून त्याने अर्ध्या गावाला गोळा केले. मी पायरीवर उभी राहून मोठ्याने वाचले, तुम्ही बैठकीत वाचता तसे. धाकलू सारखा विचारत होता, “म्हंजे जायाचं का न्हाई?” रुक्मा रडली, आणि मग तिने गुणाची ओसरीवरची जागा लगेच पकडली. आता मी पळी परत हातात घेतली आहे.

गुणाचे पत्र मी पाठवण्याआधी वाचले नव्हते, तुमच्या पत्रात लखूचे नाव दिसले म्हणून तिलाच विचारले, तेव्हा काय ते कळले. लखूचे मला ठाऊक नव्हते. मी केशरला बाजूला घेऊन सांगितले की मुलीने असे लिहिले. केशरने पदराचे टोक कमरेला खोचले. मग लखूला हाक मारली, त्याला गुणाच्या पुढ्यात नेऊन बसवले आणि म्हणाली, “तुज्या बहिनीला शिकाया पाटवायचं हाय. पाया पड तिच्या.” लखू पडला नाही, तिच्या पाठीवर चढला. तेवढे पुरे.

यांच्या साहेबांचेही उत्तर आले. नोकरीच्या पुस्तकात एक ठपका चढला, बदली नाही. हे म्हणाले, “चला, आता मलाही तीट लागली. कुणाची दीठ लागायची भीती गेली.” तुमच्या पत्रानंतर चहात साखर घातली. एकच चमचा. दुसरा गुणाच्या शिदोरीच्या लाडवांसाठी काढून ठेवला.

अंगठा आणि सही घेतलेली प्रत सोबत परत पाठवते. तिच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या अंगाला एक काळे बोट उमटलेले दिसेल. धाकलूचा अंगठा खाली आहे, तो निळा. हे वरचे काजळाचे आहे. मी कागद घडी करत होते, तेवढ्यात केशर दिव्यावरून बोट फिरवून आली आणि मला काही कळायच्या आत लावून मोकळी झाली. मी ओरडले, “अगं, फंडाचा कागद आहे!”

ती म्हणाली, “म्हनूनच.”

तेव्हा मामा, कागद खराब झाला म्हणून दुसरा मागवू नका. समितीपुढे हाच ठेवा, आणि रावसाहेबांना कोपरा नीट दिसेल असा धरा.

तुमची भाची,
विमल